डोंगरांतून ओंडके ओढणाऱ्या इंजिनाचा जनक : एफ्राईम शे

विद्यार्थिमित्रहो, नेरळहून माथेरानास जाणारी चिमुकली आगगाडी तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. वीस फूट पुढें गेलें कीं एक फूट वर चढावें, असा तिचा घाट आहे. म्हणून ती मुंगीच्या पावलानें चालते. आतां याच्या दुप्पट चढ आहे, वळणें याहूनहि अवघड आहेत, रूळ कच्च्या जमिनीवर घाईनें टाकलेले आहेत, आणि डब्यांत माणसांऐवजीं माणसाच्या कवेंत न मावणारे ओंडके रचलेले आहेत, अशी कल्पना करा. साधें इंजिन तेथें हात टेकील. परंतु जगांतील अनेक डोंगरांतून हें काम साठ-सत्तर वर्षें सुरळीत चाललें. तें ज्या इंजिनानें केलें, त्याचा शोध कोणा नामांकित इंजिनिअरानें लावलेला नाहीं. लांकूड कापण्याची गिरणी चालविणाऱ्या एका गृहस्थानें आपली नड भागविण्यासाठीं तें बनविलें. त्याचें चरित्र आज तुम्हांस सांगावयाचें आहे.

एफ्राईम शे यांचा जन्म अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत १७ जुलै १८३९ रोजीं झाला. १८६१ सालीं तेथें उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें यादवी युद्ध पेटलें, तेव्हां ते उत्तरेच्या सैन्यांत दाखल झाले. १८६४ मध्यें सैन्यांतून मोकळे झाल्यावर त्याच वर्षीं त्यांनीं विवाह केला, आणि पुढें मिशिगन संस्थानांत जाऊन लांकडाचा धंदा सुरू केला. कॅडिलॅक गांवाजवळ हॅरिंग येथें त्यांची गिरणी होती. त्या काळीं मिशिगनांत पाइन वृक्षांचीं घनदाट रानें होतीं. नवीं शहरें वसत होतीं, घरें उठत होतीं, आणि लांकडास मोठी मागणी होती.

परंतु झाड तोडणें सोपें, तें रानाबाहेर काढणें कठीण. ही सारी मदार हिवाळ्यावर असे. बर्फ पडून वाटा गोठल्या म्हणजे ओंडके घसरगाड्यांवर लादून घोड्यांकडून ओढीत नदीकांठीं आणावयाचे, आणि वसंत ऋतूंत बर्फ वितळून नदीस पूर आला म्हणजे ते पाण्यांत सोडावयाचे, अशी रीत होती. आपल्या शेतकऱ्याची दृष्टि जशी मृगाच्या पावसाकडे, तशी तेथील लांकूडवाल्याची दृष्टि बर्फाकडे लागलेली असे. एखाद्या वर्षीं थंडी कमी पडली कीं तोडलेलें लांकूड रानांतच अडकून राही, गिरणीचीं पातीं थांबत, आणि धनी व मजूर या दोघांच्याहि चुली संकटांत येत.

शे यांस हें परावलंबन मानवेना. १८७५ च्या सुमारास त्यांनीं आपल्या रानांत स्वतःचा लहानसा रूळमार्ग घातला. त्याची रुंदी अवघी दोन फूट दोन इंच होती. लोखंडी रूळ परवडण्याजोगे नव्हते, म्हणून त्यांनीं लांकडाचेच रूळ केले. आतां बारा महिने काम चालूं शकलें असतें; पण एक नवीच अडचण उभी राहिली. त्या मार्गावर साधें लहान इंजिन चालवून पाहतां लांकडी रुळांची पार नासाडी होऊं लागली.

दुसऱ्या कोणीं कपाळास हात लावला असता. शे यांनीं मात्र वांकून रूळ न्याहाळले, आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. ओंडक्यांनीं लादलेले डबेहि जड होते. तरी त्यांच्याखालीं रूळ फारसे झिजत नव्हते. मग इंजिनानेंच ते कां मोडावे? कारण डब्याचें वजन दोन टोकांच्या चौचाकी गाड्यांवर सारखें वांटलेलें असे, आणि ते गाडे वळणावर मोकळेपणें फिरत. उलट इंजिनाचीं चाकें ताठ चौकटींत जखडलेलीं. त्यांस वळतां येत नसे आणि तीं रुळांवर आदळत. तेव्हां इंजिनासच डब्याचें रूप कां देऊं नये, असा विचार त्यांच्या मनांत आला.

१८७७ च्या सुमारास त्यांनीं एका सपाट डब्याच्या मध्यावर उभा बॉयलर बसविला, आणि वाफेची शक्ति खालच्या चाकांपर्यंत पोंचविण्याचे प्रयोग आरंभिले. प्रथम सांखळी लावून पाहिली. ती निरुपयोगी ठरली. मग पट्टा लावून पाहिला. त्यानेंहि समाधान झालें नाहीं. अखेर लांब दांडा व दांतेरी चक्रें यांची युक्ति साधली. ओहायोंतील लिमा शहरीं गिरण्यांचीं यंत्रें करणारा एक कारखाना होता. त्यानें १८८० मध्यें या पद्धतीचें आपलें पहिलें इंजिन बांधलें, आणि १४ जून १८८१ रोजीं शे यांस त्यांच्या शोधाचें पेटंट मिळालें. याच इंजिनांच्या बळावर तो कारखाना पुढें अमेरिकेंतील तीन मोठ्या इंजिन-कारखान्यांपैकीं एक झाला.

या इंजिनाची रचना समजण्याजोगी आहे. साध्या इंजिनाचे सिलिंडर आडवे असतात; शे-इंजिनाचे सिलिंडर उभे असून उजव्या अंगास एका ओळींत बसविलेले असत. लहान इंजिनास दोन, मोठ्यास तीन. त्यांचा भार तोलण्यासाठीं बॉयलर मध्यभागीं न ठेवतां डाव्या बाजूस सरकविलेला असे. त्यामुळें समोरून पाहणारास हें इंजिन कलंडल्यासारखें दिसे. वाफेनें दट्टे वरखालीं झाले कीं चाकांच्या बाहेरून इंजिनाच्या लांबीभर गेलेला एक दांडा फिरूं लागे. या दांड्यास आपल्या मनगटाप्रमाणें हव्या त्या दिशेस वळणारे सांधे होते, आणि तो वळणावर लांब वा आंखूड होऊं शके. त्यावरील लहान दांतेरी चक्रें चाकांवरील मोठ्या चक्रांस फिरवीत. दांड्याचे दोनांहून अधिक फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होई. वेग गेला, पण जोर वाढला. शिवाय पाणी व जळण वाहणाऱ्या भागाचीं चाकेंदेखील ओढण्याच्या कामीं लागत, म्हणून इंजिनाचें सारें वजन उपयोगी पडे. चांगला धावणारा माणूससुद्धां त्यास मागें टाकूं शकला असता. पण जेथें हें इंजिन चढे, तेथें वेगवान इंजिनांचीं चाकें जागच्या जागीं घसरत.

वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील कॅस या गांवीं १९०१ मध्यें लांकडाचा मोठा उद्योग उभा राहिला. तेथें डोंगरमाथ्यावर स्प्रूस वृक्षांचें रान होतें. कांहीं ठिकाणीं शंभर फुटांस अकरा फूट इतका चढ होता. जेथें वळण घेण्यासहि जागा नव्हती, तेथें आपल्या बोरघाटांत पूर्वीं करीत त्याप्रमाणें गाडी एकदां पुढें व एकदां मागें अशी नागमोडी चढवीत. रिकामे डबे वर नेणें कष्टाचें होतें, परंतु भरलेले खालीं आणणें जिवावरचें. शेंकडों मण लांकूड पाठीशीं घेऊन गाडी उतारास लागली म्हणजे ब्रेकवाले डब्याडब्यावर चढून हातांनीं चक्रें आंवळीत. एकाचा हात चुकला तर सर्वांवर प्रसंग. इंजिन कितीहि चांगलें असलें, तरी त्या धाडसी माणसांवांचून एकहि ओंडका खालीं आला नसता.

हें इंजिन देशोदेशीं गेलें. तैवानांतील आलीशान पर्वतावर १९१२ मध्यें सुरू झालेल्या रेल्वेवर सात हजार फुटांहून अधिक उंचीवरील सायप्रस वृक्षांचे ओंडके शे-इंजिनांनींच खालीं आणले. लिमाच्या कारखान्यानें १९४५ पर्यंत अशीं सुमारें २,७७० इंजिनें बांधलीं. अखेरच्या इंजिनाचें वजन १६२ टन होतें!

शे यांनीं इंजिनें बांधण्याचें काम लिमाकडे सोंपविलें आणि १८८८ मध्यें मिशिगनांतील हार्बर स्प्रिंग्ज या सरोवरकांठच्या गांवीं ते राहूं लागले. पण स्वस्थ बसणें त्यांच्या स्वभावांतच नव्हतें. त्यांनीं पोलादी पत्र्यांनीं मढविलेलें षट्कोनी घर बांधलें. तें आजहि उभें आहे. पोलादी बोट बांधली, आणि गांवास नळाचें पाणी दिलें. १९०२ मध्यें त्यांनीं लहानशी रेल्वे काढली. ती दहा वर्षें लांकडाबरोबरच सहलीच्या मंडळींचीहि वाहतूक करीत होती. आणि मुलांनो, आपल्या कारखान्यांत त्यांनीं गांवच्या मुलांकरितां बर्फावर खेळावयाच्या शेंकडों घसरगाड्या तयार करून वांटल्या! १९ एप्रिल १९१६ रोजीं वयाच्या शहात्तराव्या वर्षीं ते निवर्तले.

एक गोष्ट मात्र लपवूं नये. ज्या यंत्रानें रानांतून लांकूड काढणें सोपें केलें, त्यानेंच रानें उजाड करणेंहि सोपें केलें. मिशिगनचीं पाइनचीं अरण्यें दोन पिढ्यांत नाहींशीं झालीं, आणि कॅसचे डोंगरहि उघडे पडले. दोष दांतेरी चक्रांचा नव्हता. नवीं झाडें न लावतां जुनीं तोडीत जाणाऱ्या माणसांचा होता. कॅसची गिरणी १९६० मध्यें बंद पडली. परंतु १९६३ पासून तीच शे-इंजिनें प्रवाशांस घेऊन डोंगर चढूं लागलीं. ओंडके वाहून नेणारी गाडी आज नव्यानें वाढलेलें रान पाहावयास माणसें नेते, हें पाहून कोणास आनंद होणार नाहीं?

मित्रहो, शे यांच्याजवळ मोठें भांडवल नव्हतें. मोडलेल्या रुळाकडे पाहून तो कां मोडला हें विचारण्याची संवय होती, आणि दोन वेळां फसल्यावर तिसऱ्यांदां प्रयत्न करण्याची चिकाटी होती. गणिताचें उत्तर चुकलें म्हणजे पाटी पुसून टाकण्यापूर्वीं चूक नेमकी कोठें झाली हें पाहण्यास जो विद्यार्थी क्षणभर थांबतो, तो याच वाटेनें चालला आहे.