राणीचा पहिला पायपर अँगस मकाय

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांत बॅगपाईप नांवाचें एक वाद्य आहे. कातड्याच्या पिशवींत वारा भरून व ती काखेंत दाबून तें वाजवितात. पलटणीपुढें तें वाजतांना आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं ऐकलें असेल. परंतु त्याचें थोर संगीत निराळेंच. त्यास पीब्रोक म्हणतात. त्यांत मूळ चाल संथपणें वाजवून तिचा विस्तार उत्तरोत्तर वाढवीत नेतात आणि शेवटीं पुनः मूळ चालीवर येतात.

ही विद्या पूर्वीं कागदावर नव्हती. आपल्याकडे तबल्याचे बोल पढवितात, तसे गुरु तिचे बोल गाऊन दाखवी व शिष्य तोंडपाठ करी. पुढें सरदारांचा आश्रय आटला, आणि जुने वादक मेले कीं चालीही जाणार असें दिसूं लागलें.

अशा काळीं, १८१३ सालीं, रासे बेटावर अँगस जन्मला. बाप जॉन हाच त्याचा गुरु. बापाकडून कंठस्थ केलेलें तो स्वरलिपींत उतरूं लागला, आणि १८३८ सालीं त्यानें ६१ चाली छापून काढिल्या. त्याच्या हस्तलिखितांत तर याहून पुष्कळ अधिक आहेत. १८४३ सालीं तो व्हिक्टोरिया राणीचा पहिला पायपर झाला.

त्याचा शेवट आम्ही झांकून ठेवीत नाहीं. १८५४ सालीं त्यास बुद्धिभ्रंश झाला. १८५९ सालीं डम्फ्रीज येथील वेड्यांच्या इस्पितळांतून तो निसटला व निथ नदींत बुडाला. प्रेत सांपडलें नाहीं.

त्याच्या वह्या एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. तरी कोणता स्वर किती लांबवावा, हें शिष्य अद्यापि गुरूच्या तोंडूनच शिकतात.