पांढरीच्या मातीतला माणूस : डॉ. ह. धी. सांकलिया

कसबा बावड्यात चार वर्षं काढणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म इथल्या लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये झाला. बाहेरगावचा मित्र आला की आपण त्याला ती वास्तू अभिमानानं दाखवतो. पण बावड्यापासून पंचगंगेच्या काठानं वरच्या अंगाला तीन-चार किलोमीटर गेलं की ब्रह्मपुरीचं टेकाड लागतं, आणि त्या टेकाडाच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीचं कोल्हापूर आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला तरी सेकंड इयरपर्यंत माहीत नव्हतं. ते ज्यांच्यामुळे जगाला कळलं, त्या डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्याबद्दल मी लिहिणार आहे.

मेसमध्ये प्रश्न विचारून झालेत, की सिव्हिलच्या मुलीला पुरातत्त्व कशाला हवं? मित्रमैत्रिणींनो, लेख पूर्ण वाचा, मग बोला!

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. बाळ इतकं अशक्त होतं, की ते जगेल अशी आशा घरच्यांना नव्हती. पंधराव्या वर्षी त्यांच्या हातात लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या मूलस्थानावरचा ग्रंथ गुजराती भाषांतरात पडला. तो नीट समजायचा तर संस्कृत आणि गणित दोन्ही यायला हवं, असं त्या मुलानं ठरवलं. आपल्यासारखा गाईड शोधत बसला नाही! पुढं सेंट झेवियर्समध्ये फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली नालंदा विद्यापीठावर एम.ए.चा प्रबंध लिहिला, जोडीला कायद्याची पदवी घेतली आणि मग लंडन गाठलं. तिथं १९३७ साली गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच.डी. मिळवली. त्याच काळात इंग्लंडमधल्या मेडन कॅसल या ठिकाणी मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली प्रत्यक्ष उत्खनन शिकले.

इथं आपला विषय सुरू होतो. व्हीलर यांची पद्धत म्हणजे जमिनीवर चौकोनांचा ग्रिड आखायचा, दोन चौकोनांमध्ये मातीची भिंत सोडायची आणि त्या भिंतीत दिसणारा प्रत्येक थर मोजून सेक्शन काढायचा. कुठली वस्तू कुठल्या थरात, किती खोलीवर सापडली हे लिहिलं नाही तर ती वस्तू मुकी होते. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण जी लेव्हल बुक कंटाळत भरतो, ती या लोकांचा धर्मग्रंथच!

१९३९ साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं आणि सांकलिया तिथं प्राध्यापक झाले. पुढं निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९७३ पर्यंत, ते तिथंच राहिले. सुरुवातीची मोहीम गुजरातमधल्या लांघणजची. १९४४ साली तिथल्या वाळूच्या टेकाडात मध्याश्मयुगातले मानवी सांगाडे मिळाले, हातपाय दुमडून पुरलेले. त्या मोहिमेत त्यांच्यासोबत डेक्कन कॉलेजच्याच इरावती कर्वे होत्या. एकानं मातीचे थर वाचायचे आणि दुसऱ्यानं हाडं वाचायची, अशी ती जोडी.

लगेच पुढं आलं आपलं कोल्हापूर. ब्रह्मपुरीवर १९४४-४५ मध्ये प्रा. कुंदनगार यांना काशाच्या वस्तूंचा साठा सापडला होता. त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती होती. कोल्हापुरात ग्रीक देव! तो आजही टाऊन हॉल म्युझियममध्ये उभा आहे, तिकीट काढून बघून या. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातलं विटांच्या घरांचं गाव उजेडात आणलं. अहवाल १९५२ मध्ये छापून आला. एवढ्या लांबच्या व्यापाराशी जोडलेलं गाव आपल्या नदीकाठी होतं, हे त्यामुळं ठामपणे सांगता येऊ लागलं.

पण सांकलियांचं मोठं काम याच्याही मागच्या काळातलं. नाशिक, जोर्वे, नेवासे आणि शेवटी इनामगाव. महाराष्ट्राचे पहिले शेतकरी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पांढरीच्या टेकाडांतून शोधून काढले. पांढर म्हणजे काय हे हॉस्टेलमधल्या शहरी मंडळींना सांगायला हवं. गावाची जमीन दोन प्रकारची, पिकते ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की राख, शेण, पडक्या भिंती यांनी माती पांढुरकी होते आणि टेकाड वाढत जातं. ही माती खतासारखी चांगली, म्हणून ती गाड्या भरभरून शेतात नेतात. अशा किती वस्त्या उसाच्या मुळाशी गेल्या, त्याचा हिशोब नाही.

नेवाशाला, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी, मडक्यात पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांच्या आत दोऱ्याचा अंश टिकून होता, तपासल्यावर त्यात रेशीम आणि कापूस दिसला. विचार करा, तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी आईनं ती माळ ओवली असेल आणि निरोप देतानाही काढून घेतली नसेल.

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. तिथं १९६८ साली काम सुरू झालं आणि ढवळीकर, अन्सारी या सहकाऱ्यांसोबत ते पुढं अनेक हंगाम चाललं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळातली ही वस्ती. शंभरावर घरं, धान्याच्या कणग्यांच्या जागा, आणि आपल्यासाठी खास म्हणजे पुराचं पाणी वळवणारा कालवा आणि दगडमातीचा बांध. इथं दोनशेहून जास्त दफनं मिळाली. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात मुलाला ठेवायचं आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणं निजवायचं, डोकं उत्तरेला, आणि पावलं घोट्यापासून तोडलेली. मेलेला माणूस उठून जाऊ नये म्हणून हे करत असावेत, असा अंदाज आहे. एकाच माणसाला वेगळा मान मिळाला होता. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या कच्च्या मातीच्या रांजणात त्याला बसवलं होतं, आणि त्याची पावलं शाबूत होती. तो गावाचा प्रमुख असावा.

ही प्रत्येक जागा ब्रशनं उघडली गेली, फोटो निघाले, मापं घेतली, हाडं कुठल्या वयाची आणि कुठल्या आजाराची हे तज्ज्ञांनी तपासलं. कोळशाच्या तुकड्यांवरून कार्बन-१४ पद्धतीनं काळ ठरवला. फिजिक्समध्ये अर्धायुष्य ५७३० वर्षं एवढंच आपण पाठ करतो, त्याचा उपयोग हा असा!

आता मी हे एवढं का वाचलं ते सांगते. गेल्या उन्हाळ्यात गावी आमच्या शेतात पाईपलाईनची चर खणताना एका रांजणाचं तोंड लागलं. आत राखट माती आणि बारीक हाडं. मजुरांना वाटलं धन आहे. काकांना वाटलं जेसीबीनं तो उंचवटा एकदाच सपाट करावा, उसाला तेवढंच रान वाढेल. आबांनी काम थांबवलं, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि चर पाच फूट बाजूनं न्यायला लावली. आमच्या भागात बांधावर वाडवडिलांची समाधी असते आणि नांगर तिला वळसा घालून जातो. आबांच्या मनात तेच होतं. माझ्या शाळेत चर्चमागं दफनभूमी होती, तिथून जाताना सिस्टर आम्हाला गप्प चालायला लावायच्या. म्हणजे आबांची आणि सिस्टरांची रीत एकच!

पण सांकलिया वाचल्यावर मला वाटलं की एवढ्यावर भागत नाही. नारळ फोडला, माती लोटली, आणि वीस वर्षांनी जमीन वाटून गेली की तिथं कोण होतं हे कुणालाच कळणार नाही. मी टेप घेऊन विहिरीच्या कोपऱ्यापासून अंतरं मोजली, स्केलनं नकाशा काढला, खापरांचे फोटो घेतले. रांजणाला हात लावला नाही. अर्ज लिहून आबांच्या सहीनं तहसील कचेरीत दिला. काका अजून कुरकुर करतात, त्यांचंही चूक नाही, गुंठाभर रान म्हणजे पैसा आहे. पण तो गुंठा यंदा पड ठेवलाय.

सगळीकडे असं होत नाही. १८९८ साली उत्तर प्रदेशात पिप्रहवा इथं पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराच्या इस्टेटीत स्तूप उघडला गेला आणि बुद्धांच्या अस्थी मानलेल्या अवशेषांसोबत शेकडो रत्नं मिळाली. बरीच सरकारकडे गेली, काही त्यांच्या घराण्याकडे राहिली. २०२५ मध्ये ती लिलावात निघाली, भारत सरकारनं हरकत घेतली आणि शेवटी ती भारतात परत आली. जमीन आपली म्हणून तिच्यात पुरलेलं आपलं होतं का, हा प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही सुटला नव्हता.

सांकलियांना १९७४ साली पद्मभूषण मिळालं. १९७६ साली म. श्री. माटे यांच्यासोबत त्यांचं ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ हे पुस्तक मराठीत आलं. इनामगावचा भलामोठा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. जगेल की नाही अशी शंका असलेलं ते बाळ ऐंशी वर्षं जगलं आणि ज्यांचं नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं अशा शेकडो माणसांचा पत्ता लिहून गेलं. गंमत म्हणजे मातृभाषा गुजराती असलेल्या या माणसानं आपल्याला आपले सर्वांत जुने शेतकरी पूर्वज दाखवले.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले निम्मे उद्या साईटवर उभे राहणार आहोत. पाया खणताना, कालवा काढताना, स्वतःच्या शेतात विहीर पाडताना कधीतरी जुनं मडकं, हाड, वीट लागेल. तेव्हा काम थांबवा. वस्तू उचलू नका, जागा मोजून लिहून ठेवा, फोटो काढा. जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, १८७८ सालच्या गुप्तधनाच्या कायद्यानं मौल्यवान वस्तूंबाबत ते सक्तीचंच आहे. राज्याचा पुरातत्त्व विभाग आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. दोन दिवस काम लांबलं तर कॉन्ट्रॅक्टर ओरडेल. ओरडू द्या! जेसीबीचा एक बकेट मारला की तीन हजार वर्षांचं पान फाटतं, आणि त्या पानाची झेरॉक्स कुठंच मिळत नाही.