घरच्या शेडमध्ये पिस्टन ओतून ४७ वर्षं जुनी ‘इंडियन’ ताशी २९६ किलोमीटरनं पळवणारा बर्ट मन्रो

बीडवरून सोलापूरच्या दिशेनं निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. या घाटात बुलेट चढवणाऱ्या प्रत्येकाला आपल्या गाडीचं वजन बरोबर कळतं. सपाटीला राजासारखी चालणारी गाडी चढाला आणि वळणाला जड वाटायला लागते. आजची क्लासिक ३५० साधारण १९५ किलोची आहे. मग गॅरेजवर चर्चा सुरू होते. सायलेन्सर बदलू, हलकी बॅटरी टाकू, क्रॅश गार्ड काढू, मडगार्ड कापू.

पण वजन नेमकं कुठलं कमी करायचं? हा प्रश्न एका माणसानं उभ्या आयुष्याचा करून टाकला. त्याची गाडी ‘इंडियन’ होती, पण तो भारतातला नव्हता आणि गाडीही भारतातली नव्हती.

त्याचं नाव बर्ट मन्रो.

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ चा, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिलचा. घर शेतकऱ्याचं, पण पोराचं मन शेतात रमेना. वेगाचं वेड लहानपणापासूनच. १९२० साली त्यानं एक नवीकोरी मोटरसायकल घेतली, ‘इंडियन स्काउट’. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डची ही कंपनी. इंजिन ६०० सीसीचं आणि वेग जास्तीत जास्त ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास.

त्या काळी हा वेग भरपूर होता. बर्टला तो कमी वाटला.

१९२६ पासून त्यानं गाडी खोलायला सुरुवात केली. दिवसा मोटरसायकली विकायच्या आणि रात्री शेडमध्ये स्वतःची गाडी घेऊन बसायचं, असा त्याचा दिनक्रम. पैसा बेताचा. बाजारात हवे ते पार्ट मिळत नव्हते आणि मिळाले तरी परवडत नव्हते. मग पठ्ठ्यानं पार्ट घरीच बनवायला घेतले.

धातू वितळवायचा, जुन्या डब्यांचे साचे करायचे आणि त्यात पिस्टन ओतायचे. सिलिंडर, फ्लायव्हील, कॅम हे सगळं हातानं. कनेक्टिंग रॉड तर त्यानं कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या ॲक्सलचं पोलाद कोरून काढले. मोजमापाला महागडी साधनं नव्हती. जुनी स्पोकची तार हाच त्याचा मायक्रोमीटर.

आता यात वजनाचं गणित कुठं आलं?

गाडीतलं सगळं वजन सारखं नसतं. सीटचं किंवा मडगार्डचं वजन नुसतं गाडीबरोबर पुढं जातं. पिस्टन मात्र इंजिनच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा पूर्ण थांबतो आणि उलट्या दिशेला पळतो. फेरे दुप्पट झाले की त्याला थांबवायला लागणारा जोर चौपट होतो. हा सगळा ताण कनेक्टिंग रॉडवर येतो. म्हणून पिस्टनमधले थोडेसे ग्रॅमही मोलाचे. चाकांचंही तसंच. चाक पुढं जातं आणि फिरतंही, त्यामुळं त्याच्या कडेचं वजन गाडीला जास्त जाणवतं.

पण पार्ट नुसता हलका असून भागत नाही. तो टिकला पाहिजे. बर्टचे कितीतरी पिस्टन फुटले, रॉड तुटले, इंजिनं उडाली. ही मोडतोड त्यानं फेकली नाही. शेडमधल्या फळीवर मांडून ठेवली आणि वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य म्हणून तिची ओळख सांगितली.

या वेडाची किंमतही त्यानं मोजली. संसार मोडला. १९४० च्या दशकाच्या शेवटी नोकरी सोडून तो शेडमध्येच राहायला लागला. झोपायचं तिथंच आणि काम करायचं तेही तिथंच.

मूळ साइड व्हॉल्व्हचं इंजिन त्यानं ओव्हरहेड व्हॉल्व्हचं केलं. सीसी वाढवत नेले. वेग वाढला तसा नवा शत्रू समोर आला, हवा. खूप वेगात गाडीला वजनापेक्षा हवा जास्त मागं ओढते. मग त्यानं ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून गाडीला माशासारखं कवच केलं. त्यात काही वर्षं गेली. पुढं ते बदलून फायबरग्लासचं बसवलं.

१९६२ साली वयाच्या ६३ व्या वर्षी बर्ट गाडी घेऊन अमेरिकेतल्या बॉनव्हिल इथं पोहोचला. मिठाचं हे अफाट सपाट मैदान वेगाच्या विक्रमांसाठी प्रसिद्ध आहे. तिथं त्यानं ८८३ सीसी गटात ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला.

१९६७ साली तो परत आला. तेव्हा वय होतं ६८ आणि इंजिन झालं होतं ९५० सीसीचं. १००० सीसीपर्यंतच्या गटात त्यानं ताशी २९६ किलोमीटरचा विक्रम नोंदवला. सुरुवातीला हा आकडा किंचित कमी लिहिला गेला होता. २०१४ साली त्याच्या मुलाच्या लक्षात हिशेबातली चूक आली आणि अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशननं ती दुरुस्त केली.

पण त्याच वर्षी बॉनव्हिलला तो मरता मरता वाचला होता. धाव अर्ध्यावर आली आणि गाडी हेलकावे घ्यायला लागली. वेग कमी व्हावा म्हणून तो उठून बसला, तर वाऱ्यानं डोळ्यांवरचा गॉगलच उडवून नेला. समोरचं काही दिसेना. मार्गावरचा लोखंडी खांब काही इंचांनी चुकला. शेवटी त्यानं गाडी आडवी पाडली आणि खरचटण्यावर निभावलं.

६ जानेवारी १९७८ रोजी बर्ट गेला. २००५ साली त्याच्यावर ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा सिनेमा आला आणि अँथनी हॉपकिन्सनं त्याची भूमिका केली.

आता परत मांजरसुंब्याच्या घाटात येऊ.

१९५ किलोची बुलेट आणि ७० किलोचा माणूस मिळून २६५ किलो होतात. महागडे पार्ट टाकून १० किलो कमी केले, तर एकूण वजनात जेमतेम चार टक्क्यांचा फरक पडतो. तेवढा फायदा कधी कधी क्रॅश गार्ड आणि सामानाची पेटी उतरवून फुकटात मिळतो. खर्च करायचाच असेल, तर चाकासारख्या फिरणाऱ्या भागांवर केलेला जास्त जाणवतो. पण तिथं स्वस्तातला, कच्चा पार्ट बसवणं म्हणजे जिवाशी खेळ.

शिवाय आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही.

बर्टनं आपले प्रयोग रिकाम्या किनाऱ्यावर आणि मिठाच्या मैदानावर केले. तिथं पडला तर तो एकटाच पडणार होता. घाटात मात्र समोरून उसाची ट्रॉली येत असते.