थकलेल्या भूमीचा सेवक : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

शास्त्राचा शोध लागणें ही एक गोष्ट, आणि तो शोध गरिबाच्या शेतापर्यंत पोहोंचणें ही दुसरी. पहिल्या कामाबद्दल कीर्ति मिळालेले पुरुष पुष्कळ आहेत. दुसरें काम ज्यांनीं जन्मभर केलें, त्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत, डायमंड गांवाजवळ, इ. स. १८६४ च्या सुमारास एका गुलाम स्त्रीच्या पोटीं जॉर्जचा जन्म झाला. नक्की दिवस कोणासच ठाऊक नाहीं. तो तान्हा असतांना लुटारूंनीं आईसह त्यास पळवून नेलें. मूल परत मिळालें; आई पुन्हां कधींच दिसली नाहीं. १८६५ सालीं गुलामगिरी बंद झाल्यावर पूर्वीचे धनी मोझेस व सूझन कार्व्हर यांनीं त्यास व त्याच्या भावास घरीं वाढविलें. प्रकृति नाजुक, म्हणून शेतकामाऐवजीं घरकाम त्याच्या वांट्यास आलें; उरलेला वेळ रानांतील झाडाझुडपांत जाई. कृष्णवर्णी मुलांची शाळा निओशो गांवीं होती. लहान वयांतच घर सोडून तो तेथें गेला, व पुढें लोकांचे कपडे धुऊन आणि स्वयंपाक करून त्यानें शिक्षण चालविलें. एका कॉलेजानें पत्रानें दिलेला प्रवेश त्याचा वर्ण पाहतांच नाकारला. तरी तो खचला नाहीं. १८९० सालीं तो आयोवा संस्थानांतील सिंप्सन कॉलेजांत गेला. तेथून एम्स येथील शेतकी कॉलेजांत जाऊन त्यानें १८९४ सालीं पदवी व १८९६ सालीं उच्च पदवी मिळविली.

त्याच वर्षीं बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं बोलावल्यावरून कार्व्हर अलाबामा संस्थानांतील टस्कीगी येथें कृष्णवर्णी विद्यार्थ्यांच्या संस्थेंत शिक्षक झाले. भोंवतालचे शेतकरी बहुतेक अर्धेलीनें जमीन करणारे व सदैव कर्जांत बुडालेले. वर्षानुवर्षें एकच पीक, तें म्हणजे कापूस; तोहि थेट झोंपडीच्या दारापर्यंत. भाजीपाल्यास जागा नाहीं, जमिनीस विश्रांति नाहीं, आणि विकतचें खत घेण्यास गांठीं पैसा नाहीं.

पिकास नत्र हवा असतो. हवेच्या शंभर भागांपैकीं सुमारें ७८ भाग नत्रच आहे. परंतु वनस्पतीस तो हवेंतून परभारें घेतां येत नाहीं. हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ सालीं दाखविलें कीं, शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हें काम करितात. १८८८ सालीं हॉलंडांत बायरिंक यानें ते जंतु वेगळे करून वाढविले. झाड जंतूंस साखर देतें, आणि जंतु झाडास नत्राचें अन्न देतात. पुढें मुळें व पाला कुजला म्हणजे मातींतील दुसरे जंतु त्या नत्रास असें रूप देतात, कीं मागाहून येणारें पीक तो शोषून घेतें. म्हणून कापसाच्या शेतांत आळीपाळीनें चवळी व भुईमूग पेरा, असें कार्व्हर सांगत. १९०३ सालीं त्यांनीं चवळीवर पत्रक काढिलें. १९०५ सालीं झिजलेल्या जमिनी सुधारण्यावर दुसरें.

स्फुरदाची गोष्ट निराळी. तो हवेंत नाहींच. तांबड्या मातींतील लोह त्यास घट्ट धरून ठेवितें. मुळांशीं सख्य करणारी बुरशी त्यांतला थोडा सोडवून झाडास आणून देते. पण दरसाल पीक न्यावें आणि मातीस कांहींच परत देऊं नये, तर हा सांठा घटणारच. म्हणून रानांतला पालापाचोळा, दलदलींतला गाळ, शेण व घरांतला केरकचरा कुजवून शेतांत घाला, हा त्यांचा दुसरा उपदेश. या खतास कष्ट लागत, पैसा लागत नसे.

जे टस्कीगीस येऊं शकत नव्हते, त्यांच्या दारीं १९०६ सालापासून त्यांनीं योजिलेली गाडी बीबियाणें व अवजारें घेऊन जाऊं लागली. तरी वाट सोपी नव्हती. कित्येक जमीनदारांस कापूसच हवा असे. शेतकऱ्यास पटलें तरी करण्याची मोकळीक नसे. पुढें कापसावर बोंड पोखरणारा किडा आला, तेव्हां इतर पिकांचें महत्त्व पुष्कळांस कळलें. १९१६ सालीं कार्व्हर यांनीं भुईमुगाचे १०५ खाद्यप्रकार सांगणारें पत्रक काढिलें. त्यांनीं भुईमुगापासून केलेल्या शेंकडों वस्तूंची ख्याति मोठी आहे. पण त्यांतल्या फारच थोड्या बाजारांत टिकल्या. आमच्या मतें त्यांची खरी थोरवी उपाशी घरांत अन्न व थकलेल्या भूमींत जीव आणण्याच्या खटपटींत आहे.

ते दर रविवारीं विद्यार्थ्यांचा बायबल वर्ग घेत, आणि सृष्टींत देवाचा हात पाहत. त्यांनीं लग्न केलें नाहीं. आयुष्यभर सांठविलेला पैसा १९४० सालीं संशोधनसंस्थेस देऊन टाकिला. ता. ५ जानेवारी १९४३ रोजीं टस्कीगी येथें ते निवर्तले. त्याच वर्षीं त्यांच्या जन्मस्थानीं राष्ट्रीय स्मारक करण्याचें ठरलें.

विद्यार्थिमित्रहो, पावसाळ्यांत भुईमुगाचें किंवा चवळीचें एक रोप मुळासकट हळूच उपटून पाहा. मुळांवरची गांठ नखानें फोडा. आंत गुलाबी रंग दिसला, तर तेथें काम चालू आहे असें समजा. ती गांठ जें हवेंतून मिळवितें, तें स्वतःपुरतें ठेवीत नाहीं. तुम्हीं मिळविलेली विद्या कोणाच्या शेतांत उतरणार, याचा विचार आईबापांजवळ बसून अवश्य करा.