आउगुस्ट व्योलर

आउगुस्ट व्योलर (जन्म : झोल्टाउ, २२ जून १८१९, मृत्यू : हानोफर, २१ मार्च १९१४) हे जर्मन रेल्वे अभियंते होते. एकदा दिलेला भार सहज पेलणारा धातू त्याहून कमी भार लक्षावधी वेळा उलटसुलट दिल्यास मोडतो, हे त्यांनी पद्धतशीर प्रयोगांनी दाखवून दिले. या घटनेस धातूचा शिणवटा म्हणतात.

जीवन

हानोफर येथे तांत्रिक शिक्षण घेतल्यावर व्योलर यांनी बर्लिनमधील बोर्झिग यांच्या इंजिन कारखान्यात काम केले. पुढे बेल्जियममध्ये राहून ते आगगाडीचे इंजिन चालविण्यास शिकले. १८४७ मध्ये लोअर सायलीशियाकडे जाणाऱ्या रेल्वेच्या इंजिने व डब्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १८६९ मध्ये ही नोकरी सोडून ते बर्लिनमधील रेल्वेसामग्रीच्या एका कारखान्याचे संचालक झाले. १८७४ पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे १८८९ पर्यंत, ते स्ट्रासबर्ग येथे रेल्वे प्रशासनात होते.

आसांचा प्रश्न

८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या पुढील इंजिनाचा आस मोडला. गाडी घसरून पेटली. डब्यांची दारे बाहेरून बंद असल्याने अनेकांना उतरताच आले नाही आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. नवा असताना निर्दोष ठरलेला आस काही वर्षांनी साध्या भाराखाली का मोडावा, हे कोणालाच नीट उलगडत नव्हते. हादऱ्यांमुळे लोखंडाचे तंतू नाहीसे होऊन ते स्फटिकमय बनते, असा समज तेव्हा रूढ होता. तो पुढे चुकीचा ठरला.

बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि चाके त्याच्याभोवती फिरतात. रेल्वेत चाके आसावर घट्ट बसविलेली असतात व आसही त्यांच्याबरोबर फिरतो. डब्याच्या वजनाने तो किंचित वाकलेला असल्याने त्याच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूला दर फेऱ्यात एकदा ताण व एकदा दाब सोसावा लागतो. एक मीटर व्यासाचे चाक किलोमीटरला सुमारे ३२० फेरे घेते. म्हणजे सुमारे ३१ हजार किलोमीटर प्रवासात अशी एक कोटी आवर्तने होतात.

प्रयोग

बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ मध्ये सुरू झाली. त्याच दशकात व्योलर प्रशियात आसांचे प्रयोग करीत होते. चालत्या डब्यांच्या आसांचे वाकणे त्यांनी प्रथम उपकरणाने मोजले. जस्ताच्या पत्र्यावर टोकदार काट्याने त्याची नोंद आपोआप होई. त्यानंतर त्यांनी फिरत्या नमुन्यांवर वाकविणारा भार देणारे यंत्र तयार केले. ते मिनिटाला सुमारे ७२ फेरे घेई, त्यामुळे एक कोटी आवर्तनांना तीन महिन्यांहून अधिक काळ लागे. 

१८७० मध्ये त्यांनी अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध केले. धातूचे आयुष्य केवळ सर्वोच्च प्रतिबलावर नव्हे, तर प्रामुख्याने प्रतिबलाच्या चढउताराच्या पल्ल्यावर अवलंबून असते. लोखंड व पोलादाच्या बाबतीत मात्र एका मर्यादेखाली नमुने मोडतच नाहीत. आसाचा व्यास जेथे एकदम बदलतो तेथील धारदार कोपरा घातक ठरतो, हेही त्यांनी नोंदविले. असे कोपरे गोलाकार ठेवण्याची आजची पद्धत त्यास धरूनच आहे. प्रतिबल व आवर्तने यांच्या आलेखास व्योलर वक्र म्हणतात. गंमत अशी की, स्वतः व्योलर यांनी आपले निष्कर्ष कोष्टकांत दिले होते. आलेख इतरांनी काढले.

ओतीव मिश्रधातू

पोलादासाठी आढळलेली ती मर्यादा ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्या मिश्रधातूंत सहसा तितकी स्पष्ट दिसत नाही. त्यामुळे त्यांचे सामर्थ्य ठरावीक आवर्तनांपुरते, बहुधा एक कोटी आवर्तनांसाठी, सांगितले जाते. मॅग्नेशियमची घनता १.७४, म्हणजे ॲल्युमिनियमच्या सुमारे दोन तृतीयांश असल्याने वाहनांच्या गिअरपेटीचे आवरण, स्टिअरिंगचा सांगाडा अशा भागांसाठी ते ओतून वापरतात. सुमारे ९ टक्के ॲल्युमिनियम व १ टक्का जस्त असलेला एझेड ९१ हा त्यांतील सर्वपरिचित मिश्रधातू होय. ओतकामात वायू अडकून किंवा धातू थिजताना आकसून सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि भेगेची सुरुवात बहुधा पृष्ठभागाजवळच्या अशा पोकळीपासून होते. एकाच घाण्यातील दोन नमुने समान प्रतिबलाखाली फार वेगवेगळ्या आवर्तनांनंतर मोडतात, ते यामुळेच. म्हणून ओतीव भागांसाठी व्योलर वक्र एका रेषेने न दाखविता पट्ट्याच्या रूपात दाखवितात आणि अभिकल्प करताना त्या पट्ट्याची खालची कड धरतात.