गॉटलिब डुटवायलर : पाच गाड्यांपासून सुपरमार्केटपर्यंत

जन्म : 15 ऑगस्ट 1888, झुरिच (स्वित्झर्लंड)
मृत्यू : 8 जून 1962

दुकान काढून श्रीमंत झालेले लोक पुष्कळ आहेत. पण भरभराटीला आलेला धंदा गिऱ्हाइकांच्याच हवाली करणारे किती? स्वित्झर्लंडच्या 'मिग्रो' या दुकानसाखळीचे संस्थापक गॉटलिब डुटवायलर हे असे एक.

शिक्षण संपवून ते झुरिचच्या एका घाऊक व्यापारी पेढीत उमेदवारीला लागले आणि पुढे तिथेच भागीदार झाले. पहिल्या महायुद्धानंतर पेढी बुडाली. मग पत्नी आडेले यांच्यासह ते ब्राझीलला शेती करायला गेले. तेही जमलं नाही, लवकरच परतावं लागलं. वय पस्तिशीच्या पुढे आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात!

व्यापारात असताना त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. माल पिकवणाऱ्याला जे मिळतं आणि घरातली बाई दुकानात जे मोजते, त्यात फार मोठी तफावत असते. हे मधलं अंतर कमी करायचं त्यांनी ठरवलं. 1925 च्या ऑगस्टमध्ये झुरिचच्या रस्त्यांवर त्यांच्या पाच मोटारगाड्या फिरू लागल्या. माल फक्त सहा प्रकारचा : कॉफी, तांदूळ, साखर, शेवया-मॅकरोनी, खोबरेल आणि साबण. दुकानाचं भाडं नाही, सजावट नाही, उधारी नाही. सुट्ट्या पैशांचा घोळ नको म्हणून किंमत पूर्णांकात ठेवायची आणि पुड्याचं वजन मात्र त्या हिशोबाने कमीजास्त. (गणिताच्या तासाला किती छान उदाहरण आहे हे!)

भाव कमी म्हटल्यावर गिऱ्हाईक आलंच. पण दुकानदार आणि कारखानदार खवळले. अनेकांनी त्यांना माल देणं बंद केलं. डुटवायलर यांनी काय करावं? स्वतःचे कारखाने काढले! 1933 मध्ये तर सरकारने अशा साखळ्यांना नव्या शाखा उघडायला बंदी घातली. ती 1945 पर्यंत टिकली. मग ते राजकारणात उतरले, 1935 मध्ये संसदेवर निवडून गेले, स्वतःचं वृत्तपत्रही काढलं. स्वभाव तापट. 1948 मध्ये आपल्या मागणीकडे दुर्लक्ष होतंय म्हणून त्यांनी चक्क संसद भवनाच्या खिडकीवर दगड मारले. मुलांना हे सांगताना ते अनुकरणीय नाही, हेही सांगायला हवं! त्याच वर्षी झुरिचमध्ये मिग्रोचं पहिलं स्वयंसेवा दुकान उघडलं. आपल्या हाताने माल घ्या आणि शेवटी पैसे द्या, ही पद्धत तिथे नवीच होती.

खरी मोठी गोष्ट त्याआधीच, 1941 मध्ये घडली होती. त्यांनी मिग्रोचं सहकारी संस्थेत रूपांतर केलं आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना सभासद करून घेतलं. डुटवायलर दांपत्याला मूल नव्हतं. वारस ठरले ते हे सभासद. 1944 मध्ये मोठ्या माणसांसाठी परवडणाऱ्या फीमध्ये भाषा वगैरे शिकवणारे वर्ग सुरू झाले. 1957 पासून विक्रीतला ठराविक वाटा शिक्षण आणि संस्कृतीसाठी द्यायचा, हे संस्थेच्या नियमांतच लिहिलं गेलं. म्हणजे नफा झाला तर देऊ, असं नाही. विक्री झाली की द्यायचेच.

डुटवायलर जाऊन साठ वर्षं उलटली. मिग्रोच्या दुकानांत त्यांनी दारू-तंबाखू विकू दिली नव्हती. सभासदांनी 2022 मध्ये मतदान करून दारूबंदी तशीच ठेवली. धंदा लोकांच्या हाती दिला की निर्णयही लोकच घेतात, तो असा.