समुद्रतळाची तार आणि लॉर्ड केल्विन

परदेशातील आप्तांशी आपण टेलिफोनवर बोलतो, तेव्हा आपला आवाज बहुधा समुद्राच्या तळाशी पसरलेल्या तारेतून जात असतो. ही तार कोणास दिसत नाही, आणि म्हणूनच तिचे काम चोख आहे की कच्चे, हे वरून कळत नाही. अशा अदृश्य कामातही चोखपणा हवा, असा आग्रह धरणाऱ्या विल्यम थॉमसन यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

थॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी बेलफास्ट येथे झाला. वडील गणिताचे अध्यापक होते. आईचे छत्र मात्र बालपणीच हरपले. वयाच्या दहाव्या वर्षी ते ग्लासगो विद्यापीठात शिकू लागले आणि बाविसाव्या वर्षी तेथेच प्राध्यापक झाले. हे पद त्यांनी ५३ वर्षे भूषविले.

युरोप व अमेरिका यांना तारेने जोडण्यासाठी १८५६ मध्ये एक कंपनी निघाली. लांब तारेत संदेश मंदावतो, म्हणून आतील तांबे जाड व शुद्ध आणि वरचे गटापर्चाचे वेष्टन भरपूर असावे, असे थॉमसन यांनी गणिताने दाखविले होते. निरनिराळ्या तांब्याच्या वीज वाहण्याच्या शक्तीत मोठा फरक असतो, हेही त्यांनी मोजून पाहिले. परंतु घाईपुढे त्यांचे फारसे चालले नाही. तारेचे दोन अर्धे भाग दोन कारखान्यांत तयार झाले, तेव्हा वरच्या लोखंडी तारांचा पीळ परस्परविरुद्ध निघाला! पुढे तार उन्हात पडून राहिली. गटापर्चा मऊ झाला आणि आतील तांबे मध्यापासून सरकले.

तरीही थॉमसन वेतन न घेता जहाजावर गेले. ५ ऑगस्ट १८५८ रोजी तार पलीकडे पोहोचली व दोन्ही खंडांत जल्लोष झाला. पण राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जाण्यास सुमारे १६ तास लागले. कंपनीच्या विद्युत्तज्ज्ञाने जोर लावण्यासाठी सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला. आधीच दुबळी असलेली ती तार सप्टेंबरच्या आरंभी कायमची मुकी झाली. याउलट, थॉमसन यांनी घडविलेले आरशाचे गॅल्व्हनोमीटर अत्यंत क्षीण प्रवाहही टिपत असे.

या अपयशाची चौकशी झाली. नव्या तारेत दर सागरी मैलास १०७ ऐवजी ३०० पौंड तांबे घालण्यात आले, आणि तयार होताना व टाकताना तिची सतत परीक्षा होऊ लागली. १८६५ मध्ये ही तार भर समुद्रात तुटली. तरी कोणी धीर सोडला नाही. २७ जुलै १८६६ रोजी ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने दुसरी तार न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यास लावली. इतकेच नव्हे, तर आदल्या वर्षीची बुडालेली तार वर काढून तीही पूर्ण केली. याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन तार टाकली.

थॉमसन यांस १८६६ मध्ये ‘सर’ व १८९२ मध्ये ‘लॉर्ड केल्विन’ हे किताब मिळाले. १७ डिसेंबर १९०७ रोजी ते निवर्तले. वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनच्या समाधीजवळ ते विसावले आहेत.

विद्यार्थी मित्रहो, भिंतीआडचा तारेचा सांधा असो वा वहीतील गणिताची पायरी, कोणी पाहत नाही म्हणून ती कच्ची ठेवू नये. वेळेवर न केलेली परीक्षा समुद्र आपल्या पद्धतीने घेतो, हाच या चरित्राचा बोध आम्हांस वाटतो.